पाय न टेकवता

हौशी : येत्या मे महिन्यात इटलीच्या सार्डिनिया बेटावर जायचं जवळजवळ ठरलंय. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस मागेच उरकलं. आता सार्डिनियाच्या उत्तर टोकाचं पालाऊ गाव गाठायचं आणि तिथून फेरीबोटीने ला माद्दालेना. वीसेक मिनिटांत पलीकडे. सार्डिनिया आणि फ्रान्सचं कॉर्सिका यांच्यामध्ये बोनिफाचोची सामुद्रधुनी आहे, तिच्या दक्षिणेच्या अंगाला ला माद्दालेनाचा हा द्वीपसमूह पसरलाय. मोठी बेटं सात, आणि बारकीसारकी धरली तर साठाच्या वर. १९९४ पासून जमीन आणि समुद्र मिळून सगळंच राष्ट्रीय उद्यान आहे. वाऱ्याने पोखरून चित्रविचित्र केलेला ग्रॅनाइट, त्याखाली तळ दिसेल असं पाणी, आणि बुदेल्ली नावाच्या बेटावर ती प्रसिद्ध गुलाबी पुळण. ती बघायचीच आहे.

शंकेखोर : बघायची म्हणजे कुठून? त्या पुळणीवर पाय ठेवायला नव्वदच्या दशकापासून बंदी आहे. किनाऱ्याला लागायचं नाही, पोहायचं नाही, नांगर टाकायचा नाही. बोटवाला तुम्हाला बोयांच्या रांगेबाहेर नेऊन उभा करणार, सगळे प्रवासी एकाच कठड्याला भिडणार, आणि लांबवर एक फिकट पट्टा दिसणार. एवढ्यासाठी मुंबईहून दोन विमानं आणि एक बोट! मला तुमच्या जाण्याचं वावडं नाही. पण जिथे जाऊ नये असं लिहून ठेवलंय, तिथेच माणसाला जावंसं वाटतं, हा काय प्रकार आहे ते तुम्ही सांगा.

हौशी : पंढरपूरला दोन रांगा असतात. एक पदस्पर्शाची, दुसरी मुखदर्शनाची. ज्याला तासन् तास उभं राहणं जमत नाही, तो लांबून मुख बघतो आणि घरी येऊन 'दर्शन झालं' असंच सांगतो. खोटं नसतं ते. बुदेल्लीला मी मुखदर्शनाच्या रांगेतला माणूस. बोयांच्या अलीकडून बघेन आणि परत फिरेन. यात बिघडलं कुठे?

शंकेखोर : उपमा तुम्हीच काढलीत म्हणून सांगतो. विठ्ठलाचे पाय पदस्पर्शाने झिजले, तेव्हा मूर्तीला वज्रलेप करावा लागला. वाळूला वज्रलेप करता येत नाही. ती गुलाबी होते कशामुळे, हे बघितलंत का? तो खडकाचा चुरा नाही. मिनियासिना मिनियासिया नावाचा एक सूक्ष्म जीव आहे, लालसर कवचाचा. समुद्रतळावर पोसिडोनिया ही वनस्पती वाढते, तिच्या कंदाला चिकटून तो जगतो. पोसिडोनिया म्हणजे शेवाळ नव्हे, फुलं येणारी खरीखुरी वनस्पती आहे ती, आणि तिची ही जात भूमध्य समुद्राबाहेर कुठे सापडत नाही. तर हा जीव मेला की कवचाचे तुकडे लाटांबरोबर त्या छोट्या खाडीत येऊन पडतात, पांढऱ्या वाळूत आणि शिंपल्यांच्या चुऱ्यात मिसळतात, आणि आपण म्हणतो, काय रंग आहे! म्हणजे पुळणीवर जे दिसतं ते पाण्याखालच्या कुरणाचं उत्पन्न आहे. कुरण वाढतं वर्षाला काही सेंटीमीटर. आणि लोक काय न्यायचे? बाटल्या भरून वाळू. दर उन्हाळ्यात, टॉवेलला चिकटलेली वेगळीच. शंभर वर्षांची मिळकत दहा वर्षांत उधळणाऱ्या घराला काय म्हणतात, ते तुम्हाला ठाऊक आहे.

हौशी : बरोबर आहे, आणि म्हणूनच बंदी आली. नुसती बंदी नाही, सार्डिनियाने २०१७ मध्ये वाळू, खडे, शिंपले उचलण्यावर दंड बसवला, पाचशे ते तीन हजार युरो. विमानतळावर बॅगेतून वाळू काढून घेतात. म्हणजे चुकलेलं सुधारतंय. मी तर वाळूला हात लावणारही नाही. तुमचा सगळा राग वाळू उचलणाऱ्यावर आहे, आणि शिक्षा मात्र तुम्ही माझ्यासारख्या नुसत्या बघणाऱ्याला देताय.

शंकेखोर : नुसता बघणारा! त्याच्याकडेच यायचं होतं मला. वाळू उचलणारा निदान नजरेला पडतो. पण जी बोट बघायला येते, ती जवळपासच्या कुठल्यातरी खाडीत दुपारी जेवायला थांबते. थांबते म्हणजे नांगर टाकते. नांगर एकदा तळात रुतला की वाऱ्याबरोबर बोट फिरते, साखळी तळावरून घासत वर्तुळ काढते, आणि नांगर ओढून घेताना कंदांसकट झुबके उपटून येतात. तेच कुरण, ज्याच्या कंदावर तो लाल जीव बसतो. वर बोटीवर मात्र सगळे समाधानी असतात, आपण पायसुद्धा टेकवला नाही म्हणून. किनाऱ्यावरून चालत गेलेल्या अनवाणी पोराने वाळू थोडी दाबली असेल, पण पाण्याखालचं कुरण त्याने उपटलं नाही. पाय न टेकवणं हेच जर शुद्धतेचं माप असेल, तर ब्रिटिश आरमाराचा सेनापती नेल्सन याच्यासारखा आदर्श पर्यटक नाही. १८०३ ते १८०५ या काळात त्याचं आरमार या बेटांच्या आडोशाला कितीदा तरी नांगरून पडलं होतं. ला माद्दालेना गावच्या चर्चला त्याने चांदीची मेणबत्तीदानं आणि क्रूस पाठवला, पण स्वतः किनाऱ्यावर पाय म्हणून ठेवला नाही, असं तिथे सांगतात.

हौशी : आणि आख्ख्या आरमाराचे नांगर खाली!

शंकेखोर : तेच म्हणतोय.

हौशी : पण मग भांडण नांगराशी आहे, माझ्याशी नाही. नांगराला उत्तरं आहेत. कुरणावर कायमचे बोये बांधून ठेवायचे, येणाऱ्या बोटीने त्यांनाच दोर लावायचा, तळाला हात नाही. उद्यानाने काही ठिकाणी हे केलंय. पलीकडे फ्रान्सने २४ मीटरहून लांब बोटींना पोसिडोनियावर नांगर टाकायला मनाई केली. काप्रेरा बेटावर काला कोतिच्चो म्हणून एक खाडी आहे, तिला 'ताहिती' म्हणतात, तिथे पायवाटेने जायचं तर उद्यानाच्या वाटाड्याबरोबर, नोंदणी करून, आणि मोजक्याच लोकांना. हे सगळं कशामुळे शक्य झालं? लोक येतात म्हणून. ज्या कुरणाचं नावही कुणाला माहीत नाही त्याच्यासाठी बोये कोण विकत घेतं? वाळलेल्या पोसिडोनियाचे तपकिरी ढीग किनाऱ्याला लागले की पूर्वी ते कचरा म्हणून यंत्राने उचलून टाकत. मग लक्षात आलं की हिवाळ्याच्या लाटांपासून पुळण वाचते ती त्या ढिगामुळेच. हे कळायलाही कुणीतरी तिथे जाऊन बघावं लागतं.

शंकेखोर : शास्त्रज्ञाने बघावं लागतं. प्रवासी ढीग बघून हॉटेलात तक्रार करतो, "वास येतो."

हौशी : तोही बदलतो, वेळ द्या. आणि तुम्ही दुसरी बाजू धरतच नाही. १९६४ मध्ये दिग्दर्शक आन्तोनिओनीचा 'इल देझेर्तो रोस्सो' हा चित्रपट आला, त्याला व्हेनिस महोत्सवाचा सुवर्णसिंह मिळाला. कारखान्यांच्या धुरात घुसमटलेली मोनिका वित्ती आपल्या आजारी मुलाला एक गोष्ट सांगते, एकटीच पोहणाऱ्या मुलीची, आणि पडद्यावर अचानक ही गुलाबी पुळण येते. तिथून हिचं नाव झालं. त्याच सुमाराला, म्हणजे १९६२ मध्ये, इथून काही मैलांवर करीम आगाखान यांनी कोस्ता स्मेराल्दाचा घाट घातला. हो, तेच. पुण्याचा आगाखान पॅलेस देशाला देणारे. धनिकांसाठी बंगले, हॉटेलं, याटींसाठी बंदर. त्या किनाऱ्याचं काय झालं ते सगळ्या युरोपला माहीत आहे. बुदेल्ली त्यातून निसटली. का? माझं म्हणणं, ती लोकांच्या डोळ्यांत भरली होती म्हणून. जिच्यावर इतक्यांचं प्रेम जडलंय, तिच्यावर बंगले बांधायला सरकारही कचरतं.

शंकेखोर : प्रेमाने वाचली म्हणता? मग २०१३ मध्ये ते बेट लिलावात कसं निघालं? मालक कंपनी बुडाली, न्यूझीलंडच्या एका धनिकाने सुमारे २९ लाख युरोंना घेतलं, मग देशात आरडाओरडा झाला, सरकारने आपला अग्रहक्क पुढे केला, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २०१६ मध्ये बेट उद्यानाच्या नावावर आलं. राष्ट्रीय उद्यान होऊन वीस वर्षं झाली तरी त्याची सर्वांत प्रसिद्ध पुळण खासगी मालकीची होती. आणि मुळात ही बेटं राखली कुणी? लष्कराने. शतकभर हा सगळा नौदलाचा मुलूख. १९७२ ते २००८ सांतो स्तेफानो बेटावर अमेरिकेचा तळ होता, अणुपाणबुड्यांची देखभाल करणारा. २००३ मध्ये 'हार्टफर्ड' नावाची पाणबुडी इथेच तळाला घासली. राष्ट्रीय उद्यानात, बरं का. मूठभर वाळू नेली तर गुन्हा आणि अणुभट्टी घेऊन आत शिरलं तर मैत्री!

(इथे मी मध्ये पडतो. शंकेखोराच्या पोतडीतला हा सर्वांत जड दगड आहे आणि हौशी माणसाकडे त्याला उत्तर नाही. २००९ ची जी-८ परिषद ला माद्दालेनाला भरायची होती. जुन्या नौदल गोदीत कोट्यवधी युरो ओतून इमारती उभ्या केल्या, मग एप्रिलमध्ये लाक्विलाला भूकंप झाला आणि परिषद तिकडे हलवली. इमारती समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात सडत राहिल्या. संरक्षित बेटांवरची सर्वांत मोठी नासधूस पर्यटकाच्या नावावर जमा नाही.)

हौशी : मान्य. पण मग मला एक सांगा, ला माद्दालेनाच्या लोकांनी करायचं काय? दहा-अकरा हजार माणसं राहतात तिथे. पिढ्यान् पिढ्या पोट नौदलावर, गोदीवर, मग अमेरिकनांच्या भाड्यावर आणि नोकऱ्यांवर. अमेरिकन गेले, परिषद आली नाही. उरलं काय? ग्रॅनाइटच्या खाणी केव्हाच थंडावल्या. राहिली ती आम्ही मंडळी, बोटीचं तिकीट काढणारी. तुमच्यासारखा माणूस घरी बसून जो निसर्ग वाचवतो, त्याचं बिल ते भरतात.

शंकेखोर : हे बोललात ते आवडलं. फक्त तसंच बोला. 'मी तिथल्या माणसाला रोजगार द्यायला चाललोय' असं म्हणा, 'मी निसर्गाशी एकरूप व्हायला चाललोय' असं नको. मग हिशेबही तसाच करता येईल. पालाऊहून सुटणाऱ्या दिवसभराच्या सहलीतले किती पैसे बेटावर राहतात? सकाळी दुसऱ्या बंदरातून निघालेली बोट खाड्या दाखवते, जेवण बोटीवरच वाढते, संध्याकाळी परत. ला माद्दालेना गावात एक आइस्क्रीम विकलं जातं, झालं. आणि तुमच्या विमानाचंही धरा. समुद्र तापतोय, आणि पोसिडोनियाला गरम पाणी सोसत नाही. नांगराला बोया हे उत्तर आहे, तापलेल्या पाण्याला कुठला बोया बांधणार?

हौशी : विमानाचा मुद्दा काढला की कुठलाही वाद जिंकता येतो, म्हणून मी त्याला जरा भितो. तो खरा आहे, पण तो मला सार्डिनियाला जायला मनाई करतो आणि सिंगापूरला खरेदीसाठी जाणाऱ्याला कुणी हटकत नाही. ते राहू दे. आइस्क्रीमचं मात्र पटलं. मी गावात चार रात्री राहीन. आणि काप्रेराला जाईन.

शंकेखोर : गारिबाल्दीकडे.

हौशी : हो. आपल्याकडे सावरकरांनी १९०७ मध्ये इटलीचा क्रांतिकारक मॅझिनी मराठीत आणला, आणि त्याच्या मागोमाग त्याच लढ्यातला सेनानी गारिबाल्दीही घराघरांतल्या बोलण्यात आला. आमच्या घरात तलवारीसकट त्याचं चित्र लावायची त्या पिढीची इच्छा होती, असं ऐकलंय. पण त्याचं काप्रेरातलं घर तलवारीपेक्षा नांगराचं आहे. बोटीचा नव्हे, शेतीचा. १८५५ मध्ये भावाच्या वारशातून त्याने अर्धं बेट विकत घेतलं. घर पांढरं, बुटकं. आत गिरणी आहे, अवजारं आहेत. ऑलिव्ह लावले, द्राक्षं लावली, गुरं पाळली, दगड वेचून बांध घातले. मुलगी क्लेलिया जन्मली तेव्हा अंगणात त्याने पाइन लावला, तो अजून आहे. शेवटी त्याची खाट कॉर्सिकाच्या दिशेच्या खिडकीसमोर ठेवली होती. २ जून १८८२ ला तो गेला, तेव्हा घड्याळं थांबवली ती थांबलेलीच आहेत. हे बघायला मी गेलो तर कुठल्या कुरणाचं नुकसान?

शंकेखोर : कुठल्याच नाही. उलट तुम्ही माझ्याच अडचणीवर बोट ठेवलंत. 'संरक्षित निसर्ग' म्हणून आज जे दाखवतात, त्यात गारिबाल्दीचे बांध आहेत, त्याने आणि त्याच्यानंतरच्यांनी लावलेली झाडं आहेत, खाणकामगारांनी फोडलेले कडे आहेत, तोफखान्याच्या भिंती आहेत. मग राखायचं कुठल्या दिवसाचं बेट? १८५५ चं, की आन्तोनिओनीचा कॅमेरा लागला त्या दिवशीचं? तुमच्या गारिबाल्दीचंच घ्या. त्याने लिहून ठेवलं होतं की माझं दहन उघड्यावर करा, सुगंधी लाकडांवर, त्याच बेटावर. लोकांनी ऐकलं नाही. राष्ट्राला थडगं हवं होतं. त्याला ग्रॅनाइटच्या शिळेखाली पुरलं, कारण लोकांना दर्शनाला यायचं होतं. बेटाचंही असंच होतं, त्याला काय हवंय हे कोण विचारतो.

हौशी : बेटाला काही हवं नसतं. हवं असतं ते माणसांनाच, काहींना पुळण गुलाबी हवी, काहींना पोहायला हवी. म्हणून मला माउरो मोरांदीची गोष्ट सोडवत नाही. मोदेनाकडचा शाळामास्तर, व्यायामाचा शिक्षक. १९८९ मध्ये होडीने दूर दक्षिण समुद्राकडे निघालेला, बुदेल्लीला थांबला, तिथला राखणदार नेमका नोकरी सोडत होता, हा राहून गेला. तीन दशकं. महायुद्धातल्या एका जुन्या आसऱ्यात राहिला, वाटा साफ केल्या, वाळू उचलणाऱ्यांना हाकललं, आलेल्यांना समजावून सांगितलं. बेट उद्यानाकडे आल्यावर त्याला जायला सांगितलं, आणि २०२१ मध्ये तो ला माद्दालेना गावातल्या लहानशा घरात राहायला गेला. २०२५ च्या जानेवारीत वारला. तुमच्या हिशेबात हा कुठे बसतो? नियमाने तोही बेकायदा राहणाराच.

शंकेखोर : नियमाने हो. आणि नियम त्याच्यासाठी वाकवला असता तर उद्या दुसरा 'राखणदार' जकुझी घेऊन आला असता. त्याला काढलं याचं मला वाईट वाटतं, तरी मी काढलं असतं. पण तुम्ही त्याला संत करू नका. बेटावर इंटरनेट आल्यापासून तो रोज सूर्यास्ताचे फोटो जगाला पाठवायचा. वाळू उचलणाऱ्या एकाला त्याने हाकललं असेल, पण ते फोटो बघून किती हजार लोकांना तिथे जावंसं वाटलं? तुम्हाला बुदेल्ली कळली कुठून?

हौशी : ...त्याच्याच फोटोंमधून. पण पोसिडोनिया हा शब्दही मी पहिल्यांदा त्याच्यामुळेच वाचला. यातलं एक ठेवा आणि दुसरं टाका, असं करता येतं का?

शंकेखोर : नाही येत. तिथेच घोडं अडतं.

हौशी : मग आता माझी पाळी. समजा, बंदी फळली. रंग अजून पूर्वीसारखा झालेला नाही, पण धरून चला की आणखी वीस-तीस वर्षांनी झाला. पुळण उघडायची का?

शंकेखोर : नाही. उघडली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हौशी : म्हणजे पुळण बरी व्हावी म्हणून बंदी घातली, हे सांगणं खरं नव्हतं. बरी झाल्यावरही सोडायचीच नसेल, तर ती आजाऱ्याची विश्रांती नाही, जन्मठेप आहे. लोकांना तसं स्पष्ट सांगा. 'तुमच्या नातवंडांसाठी राखतोय' असं म्हणायचं आणि नातवंडांनाही बोयांबाहेरच उभं करायचं, ही कसली राखण?

शंकेखोर : नातवंडांना पाऊल टाकता यावं म्हणूनच कशाला राखायचं? ती लाल कवचं तिथे पडत राहावीत, एवढं पुरेसं नाही का? आणि उघडायचीच म्हटली, तर कुणासाठी? पैसेवाल्यासाठी तिकीट लावून? सोडत काढून? पहिला येईल त्याला?

हौशी : ला माद्दालेनाच्या लोकांसाठी. त्यांचे आईबाप लहानपणी तिथे पोहायचे. वाळू नेली आम्ही, बंदी भोगतायत ते. उघडली तर आधी त्यांच्या पोरांना, वर्षातून मोजके दिवस, वाटाड्याबरोबर का होईना. आमच्यासारख्यांना मुळीच नाही, हे मला मान्य आहे.

शंकेखोर : हे मला पटायला लागलंय, म्हणून जास्त काळजी वाटते. तिथला म्हणजे कोण? मिलानमध्ये राहून ऑगस्टपुरतं घर उघडणारा तिथला का? नौदलाच्या बदलीवर आलेला आणि तिथेच राहिलेला? रोज चाळीस जणांना बोयांपर्यंत नेणारा बोटवाला तर अस्सल तिथला. त्याला आत सोडलंत की त्याच्या मागे त्याची बोट आलीच.

हौशी : ठरवायचं त्यांनी, आपण नाही. मी चार रात्री तिथे आहेच, विचारून बघेन.

शंकेखोर : विचारा की. फक्त बोटवाल्याला विचारू नका. त्याचं उत्तर तिकिटावर छापलेलं असतं.

हौशी : आणि घरी बसून राहणाऱ्याचं उत्तर कशावर छापलेलं असतं?